वारा असताना

बोंबोरा म्हणजे इथल्या बोलीत भुंगा.
वालिकोनं नाव ठेवलं तेव्हा ती मुठीएवढी होती,
काळी, पोटाशी पिवळसर, सतत काहीतरी कुरकुरणारी.
आता अकरा वर्षांनी
डाव्या बरगड्यांवर स्टेथोस्कोप टेकवला की नाव खरं होतं:
दर ठोक्यामागे बाटलीत अडकलेला भुंगा.

झडप गळते. पुढे निघालेलं रक्त
उंबऱ्यावरूनच मागे फिरतं,
काहीतरी घरात विसरल्यासारखं.
किती फिरतं ते आज पाहायचं.
पाहायचं तर तिनं आडवं पडायला हवं,
आडवी केली की धापते,
आणि धापली की पडद्यावर नुसतं फुफ्फुसांचं धुकं.

म्हणून थोडी झोप. थोडीच.
नेस्तान कपाट उघडते. एका बाटलीला हातच लावत नाही.
ती झोपवते छान, दगडासारखं,
पण रक्तवाहिन्या आवळते,
मग गळक्या झडपेच्या हृदयानं
बंद दारावर धडका मारत बसायचं.
दुसरीतलं घेते: पाव मिलीच्याही निम्मं.
मी दिव्यासमोर धरून रेघ दोनदा वाचते.

"एवढंसंच?" वालिको विचारतो.
मग स्वतःच मान हलवतो.
तीस वर्षं रिओनी नदीवरचा रोपवे चालवला त्यानं.
डब्यावर लिहिलेलं असायचं, बारा माणसं.
वारा असला की तो आठच घ्यायचा
आणि उरलेल्या चौघांच्या शिव्या खायचा.
"लिहिलेलं वजन वारा नसतानाचं असतं."
नेस्तान काही बोलत नाही,
पण सुई टोचते ती
डबा हळूच तारेवर सोडावा तशी.

दिवे मालवले.
वरच्या मजल्यावर एतेरी मावशी नाताळचे अक्रोड कुटत होत्या,
मी जाऊन सांगून आले: अर्धा तास, फक्त अर्धा तास.
मास्क तिला खपत नाही;
ऑक्सिजनची नळी नाकाजवळ नुसती धरलेली.
वालिकोला बाहेर काढायचं नाही, असं नेस्तानचं म्हणणं.
त्याचा हात मानेवर असला
की औषध कमी पुरतं.

टेबलाच्या भोकातून खालून प्रोब.
पडद्यावर झडप,
दोरीवरच्या रुमालाचं सुटलेलं टोक,
आणि मागे उडणारा रंगीत फवारा,
इतका सुंदर की मला लाज वाटते.
माझं काम मोजायचं.
मिनिटाला अठ्ठावीस श्वास. हिरड्या गुलाबी.

नेस्तान कप्प्याची रुंदी मोजते, आकडा टिपून घेते.
वालिको आकडा विचारत नाही.
आठवडाभर त्याच्याही डोक्यात भुंगाच होता,
आता तो फक्त वाकून म्हणतो, बोंबोरा.

तिचा एक कान वळतो.
बाकीची ती अजून नदीच्या मध्यावर.

एकोणतीस, मी लिहिते.
वर अक्रोड पुन्हा सुरू होतात,
अर्धा तास व्हायच्या आधीच.