पट्टी

पट्टीला भोकं सहा.
बसतात तीन.
चौथा ठोकळा घालायला गेलं की दुसरा कोपर काढतो,
पंगतीत भूपाल चौगुले मांडी पसरून बसतात तसा,
आणि शेजारचं पान रिकामंच राहतं.

आमची खोली सांगलीत, मार्केट यार्डामागं,
हळदीच्या गोदामावर.
खाली पोती उतरतात, वर आम्ही सूर लावतो.
भोकाभोकांत पिवळी धूळ.
दर अमावस्येला मेन स्विच पाडून
जुन्या टूथब्रशनं मी ती काढतो
आणि शौकत म्हणतो,
"बोर्डाला हळद लागली की रं, वरात कधी?"

कीबोर्डचा ठोकळा बारा व्होल्टचा,
स्वतःच्या वजनानं भोकातून ओघळणारा.
त्याला खालून वहीचा टेकू.
मिक्सरचा तर विटेएवढा, आडवाच बसणार.
इको पेडलचा नऊ व्होल्ट: अधिक बाहेर, उणे आत,
सगळ्या जगाच्या उलटा.
तानपुरा-पेटीचाही नऊ, पण अधिक आत.
दोघं दिसायला जुळे,
पिनेचं तोंडसुद्धा तेच.

त्यातला चुकीचा जुळा
वासंती कोष्टींच्या नव्या पेटीत मीच घातला,
विट्याच्या कार्यक्रमाला, पडदा उघडायच्या घाईत.
आवाज झाला नाही. नुसता वास आला,
कढईत विसरलेल्या लसणाचा.
बाई काही बोलल्या नाहीत.
पेटीवाल्याकडं बघून "द्या सूर" म्हणाल्या
आणि दोन तास तशाच गायल्या.
परतताना जीपमधून तासगाव मागं पडलं तरी
ती मुकी पेटी त्यांच्या मांडीवर होती
आणि मी पुढच्या सीटवर, मान न वळवता.

दुसऱ्या दिवशी हरभट रोडवर नेलपॉलिश घेतलं.
"कुणासाठी?" दुकानातल्या बाईनं हसून विचारलं.
म्हटलं, नऊ व्होल्टसाठी.
लाल ठिपका ठोकळ्याला, लाल यंत्राला.
हिरव्याला हिरवा.
चुकायचंच असेल तर आता डोळे मिटून चुकावं लागेल.

मग शेपट्या.
वीतभर वायर, एका टोकाला पीन, एका टोकाला सॉकेट.
शौकतच्या भाच्यानं सुट्टीत सहा करून दिल्या,
मजुरी: दोन प्लेट भडंग.
ठोकळे पट्टीवरून उतरले, फरशीवर लोळू लागले,
सहाच्या सहा भोकं भरली.
एवढ्याशा गोष्टीला आम्हाला सात वर्षं लागली,
हे कुणाला सांगत नाही.

पण सगळे एकदम लागले
आणि स्पीकरातून घूं आली.
बाईंनी डोळे उघडले. "हा कोण गातोय?"
शौकतनं कीबोर्डवर चाचपलं:
सफेद पाचच्या केसभर वर.
बाईंची पट्टी सफेद पाच.
"माझ्या सा ला कुणीतरी कोपरानं ढकलतंय बघा."

एकेक उपटून पाहिला.
विटेएवढ्याला लांब नेऊन खिडकीच्या गजाला बांधला.
घूं कमी झाली.
गेली मात्र नाही.
मी पुन्हा वायरींत शिरलो तेव्हा बाई म्हणाल्या,
"राहू दे. मीच सरकते जरा."

आणि सरकल्या.
केसभर.
शौकतची बोटं कीबोर्डवर अडली,
कारण तिथं त्याच्याकडं कळच नव्हती.
तो हात मांडीवर ठेवून ऐकत बसला.

साडेनऊला लाईट गेली.
घूं थांबली, पंखा फिरत फिरत थांबला,
खाली कुणीतरी ट्रकवाल्याला शिवी हासडली.
बाईंचा सा जिथं होता तिथंच होता,
आता शेजारी कुणी नसताना.

मी अंधारात एक ठोकळा हातात घेऊन बसलो.
अजून कोमट होता.
ठिपका कुठला, ते दिसत नव्हतं.