पत्ता सांगा

रात्री अकरा ते सकाळी सात
सगळं कौनास शहर माझ्या कानात राहायला येतं.
कुणाचं स्वयंपाकघर पेटलेलं,
कुणी नेमुनासच्या पुलावर उभं राहून
मलाच विचारतो, पाणी किती खोल असेल हो?
आणि मी म्हणते, पत्ता सांगा.
आवाज चढू द्यायचा नाही, पडूही द्यायचा नाही.
दोन फोनांच्या मध्ये मावतो एक आवंढा.
तो गिळायचा, पुढचा घ्यायचा.

आठ तासांत असे किती गिळते
ते कुठे लिहायचं, डॉक्टर आउश्रिने?
तुमच्या वहीत रकाने आहेत:
काय खाल्लं. किती ग्रॅम. किती वाजता.
मी प्रामाणिकपणे भरते,
म्हणजे सकाळचं दही भरते, उकडलेलं बीट भरते,
गाडीतलं भरत नाही.

गाडीत मी सुरेलिस खाते.
वर चॉकलेटचं पातळ कवच, आत गोड चक्का,
बोटाएवढी वडी.
पेट्रोल पंपावरची पोरगी मला बघितलं की
न विचारता सहा काढून ठेवते.
दिवे बंद, वायपर चालू.
कागद हातमोज्यांच्या कप्प्यात कोंबायचे,
कारण घरी कचऱ्याची पिशवी ताउत्विदास बांधतो.
त्यानं कधी एका शब्दानं विचारलं नाही.
तेच जड जातं.

नोव्हेंबरात एका मुलाचा फोन आला.
आई उठत नाहीये.
वय सहा. नाव आझुओलास, म्हणजे आमच्याकडे ओकचं झाड.
मी त्याला स्टूल ओढायला लावलं,
दाराची कडी काढायला लावली,
म्हटलं, आता आईच्या छातीकडे बघ,
वरखाली होतेय का?
म्हणाला, अंधार आहे. दिव्याला हात पुरत नाही.
अकरा मिनिटं.
मग बुटांचे आवाज, एक मोठा माणूस, आणि लाइन बंद.
पुढचं आम्हाला कळवत नाहीत.

जीव भांड्यात पडतो म्हणतात.
माझा अधांतरीच राहिला,
म्हणून मी भांडीच खरवडत बसले.
कालचा बटाट्याचा कुगेलिस,
थंडगार, पातेल्यातून, उभ्यानं, उलथन्यानं.
मग राईचा ब्रेड, लोणी, परत ब्रेड.
चव कशी होती?
मी हजर नव्हते.

दुसऱ्या दिवशी काट्यानं नऊशे ग्रॅम वाढवून दाखवले.
त्या मुलाचं वजन त्यात धरलेलं नव्हतं.

फेब्रुवारी. सव्वासात. उणे चौदा.
पंपासमोर गाडी लावली, दाराच्या कडीला हात घातला
आणि तोंडातून सवयीनं निघालं,
— पत्ता सांगा.
हसू आलं. एकटीलाच.
मग सांगितला. साव्हानोरियू रस्ता, पंपाजवळ, निळी गाडी.
— कुणाला काय झालंय?
एक बाई आहे. बेचाळीस वर्षांची.
— शुद्धीवर आहे?
अर्धवट.
— श्वास?
चालू आहे. भरभर.
— दुखतंय कुठे?
इथे थांबले.
पोट नव्हतं ते.
पोटाच्या वर, चार बोटं.

प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात सांगतात,
फोन करणाऱ्याला काहीही विचारा,
फक्त 'असं का केलंत?' विचारू नका.
तीन वर्षं मी मला
तेवढं एकच विचारत आले होते.
— लाइनवर राहा, म्हटलं. मी आहे इथे.
काचेवर वाफ धरली. कुणीतरी मागून हॉर्न दिला.

आणि मी तशीच घरी गेले,
असं लिहायला आवडलं असतं.
आत गेले. दोन घेतल्या.
पोरगी म्हणाली, आज दोनच?
घरी नेल्या, बशीत ठेवल्या,
ताउत्विदासला हाक मारली, तो दाढीचा फेस तसाच घेऊन आला.
बसून खाल्ल्या. त्याला अर्धी दिली, त्याला ती फार गोड लागली.
व्हॅनिला असतो त्यात.
मला माहीतच नव्हतं.

वहीत एक रकाना वाढवलाय,
पट्टी सापडली नाही म्हणून वाकडा:
त्याआधी काय ऐकलं.
मंगळवार. एक म्हातारा, स्वतःचाच पत्ता आठवेना.
त्यापुढे, ब्रेडचे चार तुकडे, लोणी.
बुधवार. ओली भांडणं, दोन. सफरचंद.
गुरुवार. पुलावरचा तो, परत.
त्यापुढे काही लिहिलेलं नाही,
म्हणजे खाल्लं नाही की लपवलं,
हे आता माझं मलाच आठवत नाही.

काटा न्हाणीघरात भिंतीला टेकवून ठेवलाय.
शुक्रवारी बघेन.