हिस्सा क्रमांक अकराशे चार

मी एका फुटबॉल क्लबची मालकीण आहे.
हसू नका, कागद आहे माझ्याकडे,
फ्रिजवर, दातांच्या डॉक्टरच्या तारखेशेजारी:
थॉर्नबेक टाउन, हिस्सा क्रमांक अकराशे चार,
किंमत पंचवीस पौंड, नफा शून्य,
खाली खजिनदार व्हर्नन हेस्टीची सही.
एरवी तो चष्मे विकतो.

एकूण मालक दोन हजार एकशे सतरा.
रात्रपाळीत एकदा मी हिशेब मांडला,
मैदान भागिले आम्ही:
जेमतेम सव्वातीन चौरस मीटर गवत.
एका कबरीपुरतं, डिलिस म्हणाली,
आणि वर थोडं, पाय पसरायला.

आधीचा मालक एकटाच होता.
त्याने आमच्या सदऱ्यांचा रंग बदलला,
मग फाटकाचं कुलूप बदललं,
मग फोन उचलणं सोडलं.
त्या मार्चात आम्ही बंद फाटकासमोर उभे राहायचो
शनिवारी तीन वाजता, सामना नसताना.
पावणेपाचला घरी.
शेजारीण विचारायची, किती झाला स्कोअर?

मग रंगाच्या रिकाम्या बादल्या घेऊन
बाजारात, चर्चबाहेर, बिंगोच्या दारात.
एका पोराने पडलेल्या दाताचे पन्नास पेनी टाकले
आणि पावती मागितली.
दिली.
आज तो सभेत आमच्या मागे बसतो
आणि जमाखर्चातल्या चुका काढतो.

सभा म्हणजे शाळेचं जेवणघर, गार चहा,
आणि पायऱ्यांचा प्रश्न.
पूर्वेच्या पायऱ्या काढून खुर्च्या बसवायच्या,
निळ्या, कप ठेवायला खाच असलेल्या.
पैसे देणारा कुणी तयार होता.
सिरिल ऑर्मरॉड उठला. चाळीस वर्षं
तो एकाच कठड्याला टेकून उभा आहे,
तिथला रंग कोपराच्या आकारात गेलाय.
म्हणाला, "मग मी टेकायचं कुठे?"
एवढंच बोलला आणि बसला.

हात मोजले. चुकले. पुन्हा मोजले.
तिसऱ्या खेपेला माझा खांदा भरून आला.
लोकशाही दुखते ती खांद्यात,
हे कुणी शिकवलं नव्हतं.

खरं सांगू?
माझा हात खुर्च्यांच्या बाजूने होता.
बावीस वर्षं वॉर्डात उभी राहिलेय मी,
माझे गुडघे माझ्याआधी म्हातारे झालेत.
एकोणीस मतांनी हरले.
म्हणून उभी आहे.

सिरिलने पाहिला होता माझा हात.
एक शब्द बोलला नाही.
पुढच्या शनिवारी मात्र त्याच्या पिशवीतून
जुन्या गालिच्याचा तुकडा निघाला.
"घे पायाखाली," म्हणाला,
"सिमेंटचा गारठा गुडघ्यात चढतो."
आणि लगेच रेफरीला आंधळा ठरवायला वळला.

आज समोरचे दोन गोलांनी पुढे आहेत.
वारा खाणीच्या बाजूचा, कान कापणारा.
आमच्या डाव्या बचावपटूने चेंडू थेट
बाहेरच्या कारपार्कात धाडला.
मंगळवारी त्यानेच माझा बॉयलर दुरुस्त केला होता,
म्हणून शिवी अर्धीच दिली.
उरलेली अर्धी डिलिसने पूर्ण केली,
तिच्याकडे गॅस नाही.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला कुणाच्या तरी नडगीला लागून
चेंडू आत गेला.
सिरिलचं कोपर माझ्या बरगडीत,
कुणाचा चहा माझ्या बाहीत,
पायऱ्यांवरची सगळी माणसं एका अंगाने पुढे कलंडली
आणि मी कुठे होते कोण जाणे,
गालिच्यावर तर नव्हते.

हरलोच शेवटी, दोन एक.
सगळे गेल्यावर तिसरी पायरी झाडायची पाळी माझी.
पायचे कागद, एक हातमोजा, बसची तिकिटं.
व्हर्नन बोगद्यातून ओरडतो,
"दिवे घालवतोय, बिल आपल्यालाच येतं!"
थांब रे, म्हणते मी, एक मिनिट.
कॉर्नरच्या झेंड्याजवळचा तो चिखल,
कुणालाच नको असेल तो,
तेवढा माझ्या नावावर धर.