सुईणीची खुर्ची

आमच्या गावाचं नाव मुरियेस, म्हणजे तुतीची झाडं.
झाडं मात्र एव्रोस नदीच्या पलीकडे.
शंभर वर्षांपूर्वी लांबच्या एका शहरात
कुणीतरी टेबलावर नकाशा पसरला,
नदीवरून पेन्सिल ओढली
आणि पानं एका देशात गेली,
अळ्या दुसऱ्या देशात राहिल्या.
अळीला करार कळत नाही.
तिला रात्रीसुद्धा भूक लागते.
मग या काठाला नवी झाडं लावली,
नायलॉन आलं तेव्हा तीही तोडली, कापूस पेरला.
नाव तेवढं कुणी बदललं नाही.

मी संग्रहालयाच्या तिकीट खिडकीत बसते.
मोठ्यांना चार युरो, शाळकरी पोरांना फुकट.
वर बघा, सांगते, हे कोशघर:
खाली माणसं निजायची, माडीवर अळ्या.
माडीलाच खिडक्या जास्त, कारण वारा
माणसांपेक्षा अळ्यांना लागतो.
उजवीकडे कढई. डावीकडे रहाट.
"आतला जीव मरतो का?" कुणीतरी विचारतंच.
हो, म्हणते. उकळत्या पाण्यात.
मग ते शेजारच्या दुकानातून स्कार्फ घेतात.
स्कार्फ कुठून येतात, ते मला विचारू नका.

बंद गिरणीच्या धुराड्यावर करकोच्याचं घरटं आहे,
फोटो त्याचेच जास्त निघतात.
लहानपणी आम्हाला सांगत, बाळं हाच पक्षी आणतो.
हल्ली चोचीत बेडूक असतो.

पोलिक्सेनी दर मंगळवारी येते, तिकीट न काढता,
काचेतल्या मांडणीत चुका काढते.
"अंडी अशी उघडी नाही ठेवत. गारठतील."
खसखशीएवढी अंडी, पुरचुंडीत बांधून
ती उराशी घेऊन निजायची, दहा-बारा रात्री,
कूस बदलायची नाही, खोकला गिळायची,
नवऱ्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत.
तिला स्वतःला मूल झालं नाही.
गावाच्या जिभेला तेवढं पुरलं.

जानेवारीची आठ तारीख बायकांची.
त्या दिवशी कॉफीघरात आम्ही पत्ते कुटतो,
चौकात सॉसेज भाजतो, लाल वाइन पितो,
पुरुष घरी, भांड्यांपाशी.
रस्त्यात सापडला तर डोक्यावर बादली.
पोस्टमनलाही सूट नाही.
आणि मधोमध खुर्चीत सुईण, आम्ही म्हणतो बाबो.
तिच्या हातांवर पाणी घालायचं,
साबणाची वडी द्यायची, नवा टॉवेल,
ज्या हातांनी आपल्याला ओढून बाहेर काढलं
ते एकदा तरी आपण धुवायचे.

आमची शेवटची बाबो गेली, त्याला तीन वर्षं झाली.
बाळं आता जिल्ह्याच्या इस्पितळात होतात,
ओढणारे हात कुणाचे, कळत नाही,
मोजे घातलेले असतात.
दोन वर्षं आम्ही रिकाम्या खुर्चीभोवती नाचलो.

यंदा बेकरीवाल्या स्तामातियाने बादली खाली ठेवली,
म्हणाली, "पोलिक्सेनीला बसवा."
"तिने कुणाचं बाळंतपण केलंय?"
"पुडीत चाळीस हजार अंडी,
वर्षाला एक पुडी, अठ्ठावीस वर्षं."
"अकरा लाखांवर," गणिताच्या बाई पुटपुटल्या.
"आणि एकही रडलं नाही."
हसणं चौकभर गेलं
आणि परत आलं तेव्हा कुणी हसत नव्हतं.

ती बसली. हात पुढे केले.
बोटं अजून अर्धी मिटलेली, आत काही असल्यासारखी.
जग माझ्याकडे होता.
"गरम आहे, चालेल ना?"
"गरम नको," ती म्हणाली. "कोमट कर.
गरम पाण्यात मी त्यांना..."
पुढचं वाक्य तिने केलंच नाही.

मी पाणी घातलं. वाफ येईनाशी होईपर्यंत थांबून, मग.
टॉवेल सुती होता, बाजारातला.
तिने हात पुसले,
टॉवेल उलटा केला
आणि शिवण तपासली.