सेकंडचा माल

सहा देशांच्या बायकांच्या रग्बीसाठी
अक्कलकोट रोडला आमच्या कारखान्यात
मार्चमध्ये नॅपकिन विणले गेले.
हे मला मालकाने नाही सांगितलं,
खोक्यावरच्या चिठ्ठीने सांगितलं.
चिठ्ठी वाचली महानंदाच्या पोरीने;
बारावीला आहे, इंग्रजी कच्चं, पण वाचते मोठ्याने.

रग्बी म्हणजे काय, ते तिलाही नव्हतं ठाऊक.

माझं काम चेकिंगचं.
सत्तावीस वर्षं ट्यूबलाइटखाली
टॉवेल उलटा, टॉवेल सुलटा,
तुटका धागा, सुटलेला फास, किनारीचा वाकडेपणा.
तेलाचा एक ठिपका, मोहरीएवढा,
की माल सेकंड.
सेकंडचा माल बोटीत चढत नाही,
मंगळवार बाजारात किलोवर जातो.
आमच्या घरी सगळे टॉवेल सेकंडचे.
नवराही, असं महानंदा म्हणते,
आणि मी तिला हसू देते.

त्या ऑर्डरीतला एक मी सोडला.
डाव्या कोपऱ्यात बाणा चुकला होता.
बोटाला आधी कळतं, डोळ्याला मागनं.
का सोडला, विचारू नका.
दुपारचे दोन, वर पत्रा, बाहेर बेचाळीस,
आणि अशाच चुकीपायी त्या आठवड्यात
लूमवरच्या श्रीदेवी गाजूलचे चाळीस रुपये कापले होते.

एप्रिलातल्या एका शनिवारी, ओव्हरटाइमच्या चहाला
इरण्णा फिटरच्या मोबाइलवर, तडकलेल्या काचेमागे,
मॅच लागली.
इथे दिवेलागण, तिथे दुपार, आणि भुरभुर.
बायका. दणकट मांड्यांच्या,
कानांना पट्ट्या, दातांत रबर,
एकीच्या वेणीत गवत अडकलेलं.
चेंडू म्हणावा तर लांबोडका, पडला की कुठे उडेल सांगता येत नाही.

इरण्णाने नियम सांगितला:
हाताने पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा,
आणि तरी पुढे जायचं.
श्रीदेवी म्हणाली, म्हणजे धोट्यासारखं.
मी म्हटलं, नाही गं, धोटा परत येतो.

मग आठ जणी वाकल्या, समोर आठ जणी,
खांद्याला खांदा, डोकी एकमेकींत घुसवून.
टँकर आला की आम्हीही अशाच.
पण आमच्यात घागरी असतात, शिव्या असतात
आणि शिट्टीवाली बाई नसते.

चेंडू रेषेबाहेर गेला.
दोन नंबरची, ठेंगणी, नाकातून रक्त,
कडेला येऊन उभी राहिली.
कोणीतरी तिला नॅपकिन दिला.
पांढरा. निळी किनार.

आम्ही सगळ्या मोबाइलवर वाकलो,
डोक्याला डोकं.

तिने चेंडू पुसला. नाक पुसलं.
परत चेंडू, एका कोपऱ्याने, घोटून घोटून,
जशी पाटी पुसतात.
डावा कोपरा का? दिसेना. काच नेमकी तिथेच तडकलेली.
मग तो तिने मागे भिरकावला,
न बघता, चिखलात.

कोणी ओरडलं नाही तिच्यावर.
कोणी वही काढली नाही.

चेंडू गेला वर. दोघींनी तिसरीला मांड्यांना धरून उचललं,
तिने तो हवेतच घेतला,
खाली आली, पळाली, पडली,
वर चार जणी, पाच जणी, ढीग.
माझ्या तोंडून घरची भाषा निघाली:
लेय! लेय, तल्ली, लेय!
ऊठ, बाई माझी, ऊठ.
इरण्णा कन्नडवाला, त्यालाही कळलं.

भोंगा झाला.
ती उठली की नाही, कोण जिंकलं,
ते इरण्णाला विचारायचं राहिलं;
सोमवारी तो रजेवर होता, मेहुणीच्या लग्नाला.

सोमवारी टेबलावर हॉटेलचा माल, बदामी रंगाचा.
नवव्या टॉवेलवर ठिपका.
मोहरीएवढा.
पास नाही केला, काम ते काम.
पण ढिगात टाकताना मान वळवली नाही,
तसाच मागे दिला,
आणि महानंदाने झेलला.