अर्धा

निकाल फेरीबोटीत आला.
चोडण मागे, रायबंदर पुढे, मधल्या पाण्यात
रेंज चांगली असते.

ऐकणे साडेसात. वाचणे सात. लिहिणे सहा.
बोलणे साडेपाच.
सरासरी साडेसहा, मागितली होती तेवढीच,
पण त्या विद्यापीठाला एकाही खणात
सहाच्या खालचं चालत नाही.

बोलणे साडेपाच!
जिची टकळी सुरू झाली की
मांजरसुद्धा उठून पडवीत जातं, तिला.

पाटोवरची ती थंडगार खोली.
परीक्षकाने माझं नाव तीन तऱ्हांनी उच्चारलं,
सर्वाणी, सर्वनी, सरवानी,
मी तिन्हींना ओ दिली.
मग एक कार्ड सरकवलं:
पाण्याजवळच्या एखाद्या जागेचं वर्णन करा.
एक मिनिट विचाराला. दोन मिनिटं बोलायला.

फुर्ताद बाईंनी क्लासमध्ये बजावलं होतं,
पाणी आलं तर समुद्रकिनारा घे, सूर्यास्त घे,
शब्द तयार आहेत,
गोव्याच्या मुलीवर कोण शंका घेतंय!

मी मानस घेतली.

मानस म्हणजे मन नव्हे, आमच्याकडे.
खाजनाच्या बांधातलं लाकडी दार.
भरती आली की तिच्याच रेट्याने मिटतं,
ओहोटीला उघडतं,
शेतातलं पाणी नदीला परत देतं.
बाबा तिथे अमावास्येला जाळं लावतात.
हे मला पाचव्या वर्षापासून ठाऊक आहे.
इंग्रजीत काय म्हणतात, ते ठाऊक नव्हतं.

म्हटलं, एक दार आहे.
तो म्हणाला, हं.
म्हटलं, पाण्याचं दार. नाही, पाण्यासाठी दार.
नाही, पाणीच ते दार लावतं.
मग मी थांबले. किती, ते त्याच्या घड्याळाला माहीत.
मग धीर करून सांगायला लागले
की रात्री दोनला माझे वडील त्या फळीवर
तळहात टेकवतात आणि फळीच्या पलीकडे

थँक यू, तो म्हणाला.

वाक्य तिथेच राहिलं, फळीवर हात टेकून.

बाबांना सांगितलं, अर्ध्याने गेलं.
अर्धा काय?
बँड.
लग्नातला?
मी कोकणीत चिडले. चिडायचं कोकणीत,
अर्ज इंग्रजीत,
आणि चौथीपर्यंत शाळा मराठी, म्हणून हे असं.
आजोबांच्या लग्नाचा दाखला पोर्तुगीजमध्ये आहे,
घरात तो कुणालाच वाचता येत नाही,
पण त्याला मुदत नाही.
माझं इंग्रजी दोन वर्षांत बाद होणार,
निकालाच्या कागदावर.
आईचं तोरांचं लोणचं त्याहून जास्त टिकतं.

पुन्हा बसायची फी सतरा हजार.
बाबांनी ती सुंगटांत मोजली, मग अमावास्यांत.
म्हणाले, बस.

स्लुइस गेट.
शब्द त्याच रात्री सापडला, तिसऱ्या क्लिकला.
एवढासा. तोंडात धरून पाहिला, गारगोटीसारखा.
तो तेव्हा आला असता तर सहा मिळाले असते,
आणि पाणीच दार लावतं, हे
मी त्या माणसाला सांगितलंच नसतं.
कुठलं बरं, मला अजून ठरवता येत नाही.

आता संध्याकाळी बांधावर सराव चालतो.
परीक्षक बाबा. मोबाईलवर दोन मिनिटं लावतात,
चेहरा शक्य तितका परका करतात
आणि मान हलवत ऐकतात.
इंग्रजी त्यांना येस-नोच्या पुढे कळत नाही.

काल मी पुन्हा तेच घेतलं. दार, रात्र, फळी.
त्या वाक्यापाशी आले तेव्हा
मोबाईल वाजायला लागला.
बाबांनी तो चाचपडत बंद केला, खिशात टाकला,
खारफुटीत कुठलासा पक्षी खाकरला,
आणि ते म्हणाले,
मगीर? मगीर कितें जालें?