ओल्या मातीचं वजन

कोरडी माती हलकी असते, बिजॉय म्हणतो,
तू ओल्या मातीचं वजन धर.
घनमीटरला दोन टन, त्यावर झाड, झाडावर वारा,
वर एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव.
मी धरते.
शारजातल्या एका सातव्या मजल्यावर, पडदे ओढून,
रस्त्याच्या साडेसहा मीटर वरून जाणारी एक बाग
चौदा महिने रेघेरेघेनं उचलते आहे.

खाली सहा पदरी रस्ता.
अलीकडे पाण्याकाठची हॉटेलं.
पलीकडे गॅरेजं, टायरची दुकानं, एका खोलीत आठ खाटा.
मध्ये कुंपण, आणि कुंपणाला
माणूस वाकून जाईल एवढं एक भोक,
जे कुठल्याच नकाशात नाही
आणि सगळ्यांना माहीत आहे.

माझं काम सावलीचं.
जुलैत दुपारी तीनला गाफच्या झाडाची सावली
कुठे पडेल, किती विरळ,
दहा वर्षांनी किती.
आई फोनवर विचारते, सावलीचेही पैसे देतात का तिकडे?
देतात, म्हणते मी. महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला.

पहिल्या चित्रात कुणीतरी
तयार संग्रहातली माणसं चिकटवली होती:
गळ्यात मफलर, हातात वाफाळती कॉफी,
बर्फातून चालून आल्यासारखी गुलाबी.
सेहेचाळीस अंशांत.
बैठकीत कुणी हसलं नाही.

पाण्याचं सगळं हुसेनमिया परकारांकडे.
खेडचे. एकतीस वर्षं इथल्या झाडांना
थेंबाथेंबानं पाजताहेत.
म्हणाले, "बाय, झाड वर नेशील,
पण त्याची मुळं बाजूनं भाजतील.
जमिनीत असतं तेव्हा बाजू नसते ना त्याला."
मी कठड्याच्या आत वीतभर हवा सोडली.
बिजॉयनं भुवई उचलली,
मग आकडे पुन्हा मांडले.

मग उतार.
सायकलला एकास वीस लागतो:
साडेसहा चढायला एकशेतीस मीटर.
हॉटेलांच्या बाजूला तो आहे, वळणावळणाचा, बोगनवेलीचा.
गॅरेजांच्या बाजूलाही होता,
मार्चपर्यंत.
"तिकडे जिना द्या," असं म्हणाले,
फार सौम्यपणे, खजुराची बशी पुढे करत.
"तिकडून फिरायला कोण येतं?"

बरोबरच आहे. फिरायला कुणी येत नाही.
पहाटे साडेचारला तिकडून लोक कामावर येतात,
सायकलींवर, मागचा ब्रेक असला तर असला,
हँडलला जेवणाचा डबा.
भोकातून आधी चाक, मग माणूस, मग डबा.

मी एक खजूर खाल्ला.
बी कुठे ठेवावी कळेना.
मुठीत घेऊन बाहेर आले.

त्या रात्री त्रेचाळीस पायऱ्यांच्या कडेनं
मी एक पन्हळ काढली, नऊ सेंटिमीटर रुंद,
टायर बसेल अशी, निसटणार नाही अशी.
पुढे लिहिलं: पावसाच्या पाण्यासाठी.

वर्षात चार वेळा पडतो इथे. कधी तीन.

बिजॉयनं पाहिलं.
पाणी वरून खाली जातं ना? म्हणाला.
हो.
मग खालचं टोक असं निमुळतं उघडं का,
कुणी काहीतरी आत लोटावं तसं?
मी म्हटलं, पाण्याचं काय सांगावं.
तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.
मग सही केली, आणि चहा सांगितला, दोन.

कंत्राटदार ती सिमेंटनं बुजवेलही.
रेषेचा कागद एकशे सतरावा आहे,
तिथवर पानं उलटणारे थोडे.
परकारांनी उलटली.
विचारलं, "ह्या पन्हळीत पाणी कुठून सोडू?"
नका सोडू, मामू. कोरडीच राहू दे.
ते काही बोलले नाहीत,
फक्त चष्मा पुसून पुन्हा घातला.

वजनाच्या तक्त्यात मात्र
तिथे मी एक माणूस धरलाय, एक सायकल, एक डबा.
डबा
भरलेला धरलाय.